न्हाणीतली चूल ते शनिवारची गाडी : कचरा वेगळा करायला शिकलो ते वर्ष

मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यालगतच्या गावात आमचं घर आहे. घरात आम्ही पाच माणसं, आणि मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी काढलेल्या दोन खोल्या. २०२३ मध्ये गावात कचरा वेगळा करून देण्याचा नियम झाला, तेव्हा मी त्याबद्दल कुठे काही वाचायला मिळतं का ते खूप शोधलं. जे मिळालं ते सगळं पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांचं होतं. दारात माड, गोठ्यात दोन गुरं, रोजचे मासे, चार महिन्यांचा पाऊस आणि न्हाणीत चूल असलेल्या घराने काय करावं, ते कुणी लिहिलेलं नव्हतं. म्हणून जे झालं ते तारखा आणि खर्चासकट लिहितेय.

आधी आमच्याकडे काय चालायचं ते सांगते. भाजीची देठं, सालं गुरांना. उरलंसुरलं मांजरांना. माशांची खवलं, आतडी माडाच्या आळ्यात. पातेरा, म्हणजे गळलेली पानं, गायरीत, शेणखताच्या खड्ड्यात. या कशालाच आम्ही कचरा म्हणत नव्हतो. आणि प्लास्टिक जायचं न्हाणीतल्या चुलीत. सासूबाई पहाटे साडेपाचला उठून हंड्याखाली सोडणं, म्हणजे नारळाची सुकी सालं, रचायच्या, त्यांच्या मधे दुधाच्या दोन पिशव्या, बिस्किटाचा एखादा कागद खुपसायच्या आणि काडी लावायच्या. पावसाळ्यात सोडणं दमट असतात, तेव्हा तर प्लास्टिकशिवाय चूल पेटतच नाही अशी आमची पक्की समजूत. पिशवी आधी आक्रसायची, मग तिचे जळते थेंब टप्‌टप् राखेत पडायचे. हंड्याच्या बुडाला चिकट काळा थर बसायचा, तो चिंच लावूनही निघत नसे. सासूबाईंचा सकाळचा खोकला आम्ही वयाचा म्हणून सोडून दिला होता. मी स्वतः चौदा वर्षं तशीच चूल पेटवली आहे.

२ ऑक्टोबर २०२३ ची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी असेल तेवढी हजर लागतात. त्या दिवशी चाळीसही नव्हती. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नसते. ती ९ तारखेला झाली आणि त्याच सभेत कचऱ्याचा ठराव मंजूर झाला. मी गेले होते. आपल्या घरावर लागू होणारा नियम आपण नसताना होऊ नये, एवढ्यासाठी तरी ग्रामसभेला जाऊन बसावं असं मला तेव्हापासून वाटतं.

ग्रामसेवकांनी सभेत नीट समजावून सांगितलं. घनकचरा व्यवस्थापन नियम एप्रिल २०१६ मध्ये आले, पण ते मुख्यतः नगरपालिका आणि जनगणनेत शहर म्हणून मोजलेल्या गावांसाठी होते. आमच्यासारख्या गावात ग्रामपंचायत ठराव करायची आणि त्या नियमांतली पद्धत उचलायची. ओला, सुका आणि घरगुती घातक, असे तीन भाग. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी तेव्हा माणशी ६० रुपये मिळत होते. आमच्या गावची लोकसंख्या साधारण २,१००, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. त्यात सुका कचरा ठेवायची शेड होईल, गाडी नाही. म्हणून गाडी भाड्याने आणि तिच्यासाठी घराकडून वर्गणी.

महिनाअखेरीस शिपाई घरोघर पत्रक देऊन गेला. ओला कचरा ज्याचा त्याने आपल्या आवारात जिरवायचा. सुका दर शनिवारी गाडीत, धुऊन आणि वाळवून. डायपर, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण. जुन्या गोळ्या-औषधं, ट्यूबलाइट, सेल वेगळे, महिन्यातून एकदा. घराला महिना ३० रुपये, पाहुणे ठेवणाऱ्यांना २००, हॉटेलला ५००. जाळताना दिसलं तर ५०० रुपये दंड.

सासूबाईंनी पत्रक हातात धरून माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "इतकी वर्सां आमी काय कचऱ्यात रवलंव?" त्यांना ते खरंच लागलं होतं. रोज पहाटे शेणाने सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, ठेवणाऱ्या बाईला कुणी कागद पाठवून स्वच्छता सांगावी, याचं ते दुःख होतं. मी त्या दिवशी वाद घातला नाही. पुढे जे जमलं ते त्या दिवशी गप्प राहिल्यामुळेच, असं मला वाटतं.

दिवाळीच्या साफसफाईत मी स्वयंपाकघराच्या दाराशी एक झाकणाची बादली ठेवली, १४० रुपयांची. ती ओल्यासाठी. सुक्यासाठी पैसे खर्च करू नका, तांदळाची रिकामी गोण पुरते. ती खिळ्याला अडकवून ठेवा, जमिनीवर ठेवली की उंदीर येतात. घातकसाठी बिस्किटाचा पत्र्याचा डबा. मामंजींना मधुमेह आहे, इन्सुलिनच्या सुया आधी कागदात गुंडाळून उकिरड्यात जायच्या. आता जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकतो, बाटली भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून डब्यात.

पहिली गाडी २ डिसेंबरला आली. मी मोठ्या हौसेने गोण उचलून दिली. गाडीवरच्या मुलाने गोणीचं तोंड सोडलं, वास घेतला आणि गोण परत माझ्या हातात दिली. "काकी, ह्या भिजलला घेवचंय नाय." गोणीत कोळंबीची काळी पिशवी होती, तिच्यात पाणी होतं, आणि त्या पाण्याने आतली सगळी पुठ्ठ्याची खोकी भिजली होती. सगळ्या शेजारणी उभ्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याचं बरोबर होतं. ओला पुठ्ठा कुणी भंगारवाला घेत नाही, आणि ते सगळं शेवटी त्यालाच हाताने निवडायचं होतं.

त्यानंतर मी प्लास्टिकला भांड्यांसारखं वागवायला लागले. जेवणाची भांडी घासून झाली की उरलेल्या पाण्यात पिशव्या विसळायच्या, वेगळं पाणी लागत नाही. मग परसात दोरीवर चिमट्याने लटकवायच्या. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना पूर्ण तोडू नका, थोडा चिकटलेला ठेवा. ते इवलेसे त्रिकोण कुठल्याच गोणीत राहत नाहीत. वाऱ्याने उडतात, गुरांच्या चाऱ्यात जातात, पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, जातात. आणि माशांना बाजारात जाताना घरून स्टीलचा डबा न्यायचा. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना २०२२ च्या अखेरीपासून देशभर बंदी आहे, पण मच्छीमार्केटात त्या काळ्या पिशव्या अजून सर्रास मिळतात. डबा पुढे केला की कोळीण काही बोलत नाही, उलट पिशवी वाचते म्हणून एखादी मांदेली जास्त टाकते.

डिसेंबरात दुसरं प्रकरण उभं राहिलं. वर्गणीच्या पहिल्या पावतीवर आमचं नाव हॉटेलच्या यादीत होतं, महिना ५००. दोन खोल्या, तेही वर्षातून फार तर चार-पाच महिने भरणाऱ्या. १२ डिसेंबरला कार्यालयात गेले तर ग्रामसेवक तालुक्याला बैठकीला. १५ ला परत गेले तेव्हा म्हणाले, लेखी द्या. अर्जासोबत नमुना आठचा (घराच्या नोंदीचा) उतारा, घरपट्टीची चालू पावती आणि खोल्यांच्या नोंदणीची झेरॉक्स लावली. उताऱ्याचे २० रुपये, झेरॉक्सचे १२. इथे एक गोष्ट आवर्जून करा, अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही, शिक्का घ्या. मी घेतला होता. कारण जानेवारीच्या मासिक सभेआधी विचारायला गेले तेव्हा अर्ज सापडत नव्हता. आवक क्रमांक दाखवल्यावर तो पाणीपट्टीच्या फायलीत निघाला. ५ फेब्रुवारीला २०० रुपयांची सुधारित पावती मिळाली आणि आधी भरलेले जादा पैसे पुढच्या महिन्यांत वळते करून दिले. चार खेपा झाल्या, पण कुणी उर्मटपणा केला नाही, तेही लिहायला हवं.

आता ओल्या कचऱ्याचं. तो आवारात जिरतोच, मग टाकी कशाला, असं घरात सगळ्यांचं म्हणणं होतं. पण पाहुणे असले की माडाच्या आळ्याला पेलत नाही एवढं निघतं. आठ माणसांच्या एका जेवणाचे खेकड्याचे डेंगे, तिसऱ्यांच्या शिंपल्या, सुरमईची डोकी, वर उष्टा भात. आळ्यात वरवर पुरलं की रात्री कुत्री उकरतात आणि सकाळी पाहुण्यांच्या दारात पसरतात.

शेतीखात्याच्या पत्रकात नाडेप टाकीचं माप असतं, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी ती काढली, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप. शेणखत कमी आणि पालापाचोळा जास्त असला तरी खत व्हावं, ही त्यामागची युक्ती. रोजगार हमीतून ती बांधून मिळते, पण जॉबकार्ड लागतं आणि आमच्याकडे ते नव्हतं. शिवाय घरगुती कचऱ्याला ती फार मोठी. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची, लहान टाकी बांधली, बाहेरून पाच बाय चार, उंची तीन फूट. ५० चिरे ४० रुपयांनी, म्हणजे २,०००. गवंडी ९००, मदतनीस ६००, सिमेंटची पिशवी ४००. एकूण ३,९००. दोन चिऱ्यांमधे चार बोटं फट सोडायची, तीच टाकीची नाकं. तळ सिमेंटने बंद करायचा नाही. मधे भिंत घालून दोन कप्पे केले, एक भरेपर्यंत दुसरा कुजतो.

भरायची रीत साधी आहे. एक घमेलं ओलं, त्यावर दोन ते तीन घमेली वाळका पातेरा, वर ओंजळभर शेणाचा काला. ओल्यात नत्र असतं, पातेऱ्यात कर्ब, आणि पातेऱ्यामुळे आत हवा खेळते. हवा असली की कुजतं, नसली की सडतं. कुजल्याला मातीचा वास, सडल्याला गटाराचा. मार्चमध्ये एका सकाळी वरचा थर बाजूला केला तर आतून वाफ आली. हात घातला तर चटका बसला. सासूबाईंना हाक मारली. त्यांनीही हात घातला, पटकन काढला आणि काही न बोलता पदराला पुसला. दुसऱ्या दिवसापासून केळीचे सोप आणि अळवाची देठं त्या स्वतःच टाकीत आणून टाकायला लागल्या.

माशांचं मात्र टाकीत घालत नाही. त्यासाठी माडाच्या बुंध्यापासून चार-पाच फुटांवर दीड फूट खोल खड्डा, वर राख, माती, आणि त्यावर एक जड चिरा. दर वेळी माड बदलायचा. चिरा ठेवल्यापासून कुत्र्यांनी एकदाही उकरलं नाही. शिंपल्या कुजत नाहीत, त्या धुऊन वाटेवरच्या चिखलात घालतो. करवंट्या आणि सोडणं जळणाला, ती लाकडासारखीच, त्यांना हरकत नाही.

सुक्या कचऱ्याची गोष्ट मार्चमध्ये अडली. शेडचं काम सुरू होणार तोच १६ तारखेला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्याकडे मतदान ७ मेला आणि निकाल ४ जूनला. तोवर शेड नाही, आणि शेड नाही म्हणून गाडीवाल्यालाही माल उतरवायला जागा नाही. गाडी एप्रिलपासून बंद पडली. आमच्या मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या सामान ठेवायच्या खोपीत, सतरा गोणी साठल्या. काही घरांनी पुन्हा चुली धरल्या, संध्याकाळी वाडीत तो वास आला की माझ्या पोटात कालवायचं. मी दर आठवड्याला गोणी मोजून वहीत लिहीत होते. मे महिन्यात तालुक्याहून भंगारवाल्याला बोलावलं. बाटल्या, पुठ्ठा, पत्रा, कडक प्लास्टिक मिळून १,१४० रुपये आले. त्याने न घेता ठेवलं ते चिप्स-बिस्किटांचे चकचकीत कागद, शाम्पूच्या पुड्या आणि थर्माकोल. ११ गोणी गेल्या, सहा राहिल्या.

त्याच महिन्यात दिराच्या मुलीचं लग्न घरच्या खळ्यात झालं. शहरांच्या २०१६ च्या नियमात शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर तीन कामाचे दिवस आधी कळवायचं होतं. आमच्या ठरावात ते नव्हतं, तरी आम्ही ग्रामपंचायतीत सांगून ठेवलं. पाण्याच्या बाटल्यांऐवजी पिंप आणि स्टीलचे पेले भाड्याने आणले, जेवण केळीच्या पानावर. साडेतीनशे पानं टाकीत मावली नसती, ती माडांच्या आळ्यांत अंथरली. उन्हाळ्यात ओल टिकायला त्यांचा उपयोगच झाला.

लग्नानंतर मी आणि वाडीतल्या चौघीजणी एसटीने वेंगुर्ल्याला गेलो. तिथल्या नगरपरिषदेने कचरा डेपोच्या जागेची बाग केली आहे, आणि लोक ती बघायला जातात. ओल्या कचऱ्याचा गॅस होतो, प्लास्टिकचे बारीक तुकडे करून डांबरी रस्त्यात वापरतात. मी एका बाजूला उभी राहून फक्त वास घेत होते. वास नव्हता. आमच्या मांगरात पडलेले चकचकीत कागद कुठेतरी उपयोगी पडू शकतात, हे डोळ्यांनी बघितल्यावर त्या सहा गोणी जपून ठेवायचं बळ आलं.

मग पाऊस. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस झड लागली आणि टाकीत पाणी भरलं. वरचा थर काळा लिबलिबीत, फटींतून चहासारखं पाणी वाहतंय, आणि पृष्ठभागावर तांदळाच्या दाण्याएवढ्या अळ्यांची वळवळ. वास थेट माजघरात. घरात सगळे गप्प होते, मला तर रडूच आलं. चूक माझीच होती. टाकीवर छप्पर घातलं नव्हतं, आणि पातेरा साठवला नव्हता. मार्च-एप्रिलमध्ये अंगणभर पडलेला पातेरा नेहमीसारखा भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, आणि गायरीत गेला, आणि पावसात घालायला सुका मूठभरही राहिला नाही.

मार्ग सासूबाईंनीच काढला. माडाची चुडतं, म्हणजे झावळ्या, विणून त्यांनी दोन झाप केले, त्यांवर ९०० रुपयांचा एक पत्रा बांधला, टाकीपासून फूटभर वर, म्हणजे हवा खेळती राहिली. मी काठीने सगळं उकरून सैल केलं आणि सोडणांचा भुसा, लाकूडगिरणीतला थोडा भुसा, राख असं मिसळलं. भुसा प्लायवूडचा नको, सरळ लाकडाचाच घ्या. आठ दिवसांत वास गेला. त्या अळ्यांचंही घाबरायचं कारण नव्हतं, त्या काळ्या सैनिकमाशीच्या होत्या, त्या कचरा खाऊन संपवतात. आमच्या कोंबड्यांनी त्यांच्यावर ताव मारला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि पाहुणेही नसतात, म्हणून भार कमी होता, नाहीतर कठीण गेलं असतं. येत्या फेब्रुवारीपासून मी पातेऱ्याच्या १५ गोणी दाबून भरून मांगराच्या माळ्यावर ठेवणार आहे. कोकणात पावसाळ्याची टाकी उन्हाळ्यातच भरायला घ्यावी लागते.

शेड जुलैअखेर झाली. गाडी ३ ऑगस्टला पुन्हा आली, आणि तोच मुलगा. त्याने आमची गोण उचलली, आत हात घातला, "सुका हा," म्हणाला आणि पुढच्या घराला गेला.

गणपती ७ सप्टेंबरला आले. पहिलं खत त्याच्या आदल्या आठवड्यात चाळलं, तीन गोणी निघाल्या. हातात घेतलं तर भुसभुशीत, काळं, त्यात अंड्याचं एखादं कवच आणि आंब्याची न कुजलेली बाठ. बाठा मोडून घाला किंवा वेगळ्या ठेवा, त्या अख्ख्या कुजत नाहीत. माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, बांधलेली कवंडळाची रानफळं, आंब्याचे टाळे, दूर्वा, फुलं सगळं विसर्जनानंतर टाकीत गेलं. निर्माल्य असं टाकीत घालावं का, यावर घरात बोलणं झालं. सासूबाईंनी ते वेगळ्या कप्प्यात, तळाला, पाणी शिंपडून घातलं, आणि तो कप्पा तुळशीसाठी राखून ठेवला. यंदा मखर कापडाचं होतं, थर्माकोल नाही.

न्हाणीची चूल आता हिरांच्या, म्हणजे माडाच्या पात्यांच्या काड्यांच्या, चुडीने पेटते. मी मे महिन्यात सोडणं आणि पिडे, म्हणजे झावळ्यांचे जाड देठ, कोरड्या जागी रचून ठेवले, त्यावर प्लास्टिकचा कागद नाही, जुना पत्रा. पावसाळ्यात थोडा वेळ जास्त लागतो, पाचेक मिनिटं. हंडा दोनदा चिंचेने घासल्यावर तांब्याचा रंग दिसला.

त्या सहा गोणी मात्र अजून मांगरात आहेत. शेडमधेही तसेच कागद साठलेत, कारण ते पुढे न्यायला अजून कुणी ठरलेलं नाही. तालुक्याला एक प्लास्टिक प्रक्रिया केंद्र करायला स्वच्छ भारत मिशनमधून १६ लाखांपर्यंत निधी मिळत होता. ते कधी आणि कुठे, असा लेखी प्रश्न मी २ ऑक्टोबर २०२४ च्या ग्रामसभेत दिला आहे. या वेळी गणपूर्ती झाली होती. प्रश्नाच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतलाय. काल सकाळी सासूबाई नातवाचा चॉकलेटचा कागद धुऊन, दोरीवर चिमटा लावून, मला विचारत होत्या, "ह्यां खंय टाकूचां?" मी म्हटलं, सातवी गोण सुरू करूया.